पेनड्राइव्हवरचं आकाश : खगोलाच्या कोणत्या लायब्ऱ्या पॅकेज करायला घ्याव्यात

गिरणारे मागे पडलं, वाघेऱ्याचा घाट सुरू झाला, की मोबाइलवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून मावळायला लागतात. हरसूलच्या पुढे एका आश्रमशाळेत आम्ही दर जानेवारीत दुर्बीण घेऊन जातो. तिथलं आकाश असं, की गंगापूर रोडला राहणाऱ्या माझ्यासारखीला मृग ओळखायलाही क्षणभर थांबावं लागतं, कारण आजूबाजूचे तारेच फार. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरं ओट्यावर गोधड्या पांघरून बसलेली. मी लॅपटॉप उघडला आणि आठवलं, मागच्याच आठवड्यात डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली होती आणि ॲस्ट्रोपाय ही खगोलाची पायथन लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, टाकायची राहिली होती. नेटवरून पायथन लायब्ऱ्या आणून देणाऱ्या पिपला सांगितलं. पिप बिचारं नेट शोधत बसलं. सातवीतली एक मुलगी शेजारून वाकून बघत होती. म्हणाली, "बाई, तुमच्या कॉम्प्युटरला पण रेंज नाय का?"

ती रात्र नुसत्या डोळ्यांनीच काढली, आणि छानच गेली. पण परतताना घाटातच ठरवलं, की मला लागणारं सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या पॅकेजांत, म्हणजे थेट टाकता येणाऱ्या तयार गठ्ठ्यांत, पाहिजे. म्हणजे ते एका पेनड्राइव्हवर मावेल आणि कुठेही टाकता येईल. तिथून मी पॅकेजिंगच्या नादी लागले. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. नाशिकमधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. चौदा मशीन, त्यातली अकरा चालू. डेबियनमध्ये आज दोन छोटी पॅकेजं माझ्या नावावर आहेत आणि चार-पाचांना हात लावलेला आहे.

पॅकेज बनवायचं कसं हे शिकवणारे पुष्कळ भेटतात. कुठलं बनवायचं हे कोणी सांगत नाही, आणि खरी ठेच तिथेच लागते. पॅकेज दोन दिवसांत उभं राहतं, मग पाच वर्षं ते तुमच्या गळ्यात असतं. नवी आवृत्ती आली की तुम्ही, बिल्ड मोडलं, म्हणजे सोर्समधून (मूळ कोडमधून) पॅकेज बांधणं अडलं, की तुम्ही, कुणाचा बग आला की तुम्ही. त्यामुळे घेताना मुलगी बघायला आल्यासारखं चार प्रश्न विचारून घ्यावेत, यात लाजायचं काही नाही.

आधी घरात शोधा

बहुतेक वेळा तुम्हाला हवी ती लायब्ररी आधीच तिथे असते. सीफिट्सआयओ, डब्ल्यूसीएसलिब, इर्फा, ॲस्ट्रोपाय, ग्रहगणिताची लिबनोव्हा, रेडिओ खगोलाची कॅसाकोअर, दुर्बीण चालवणारं इंडी, वर आकाशाचा नकाशा दाखवणारी स्टेलेरियम आणि केस्टार्स, हे सगळं डेबियनमध्ये आहे. खगोलाची वेगळी टीम आहे, आणि २०१७ च्या डेबियन ९ पासून हा पसारा 'डेबियन ॲस्ट्रो' या नावाने एकत्र मिळतो. फक्त नाव जसंच्या तसं सापडेल असं समजू नका. फोटोतले तारे मोजणारं 'एसएक्सट्रॅक्टर' घ्या. त्याच्या मूळ कमांडचं नाव तीन अक्षरांचं आणि असं आहे, की कॉलेजच्या प्रोजेक्टरवर टाइप करायची सोय नाही. डेबियनने पॅकेज आणि कमांड दोन्हींचं नाव 'सोर्स-एक्सट्रॅक्टर' केलं. मी जुन्या नावाने शोधत अर्धा दिवस घालवला आणि 'हे नाहीच' असं समजून बसले होते.

नसलंच, तर डेबियनची कामांची यादी बघा. 'मी हे पॅकेज करणार आहे', 'कोणीतरी हे करा हो' आणि 'याला आता वाली उरला नाही', अशा तिन्ही प्रकारच्या नोंदी तिथे असतात. माझा सल्ला विचाराल तर पहिलं पॅकेज तिसऱ्या प्रकारातलं घ्या. वाली नसलेलं पॅकेज उचलताना लायसन्सची तपासणी आधी कोणीतरी केलेली असते, ते वापरणारी माणसं आधीच असतात, आणि चुकायला जागा कमी असते. माझं पहिलं तसंच होतं. नवं काही आणल्याचा थाट त्यात नाही, पण हात त्यातच बसला.

मुळापासून वर चढा

खगोलाची सॉफ्टवेअरं वडाच्या झाडासारखी पसरलेली दिसतात, पण खाली मुळं मोजकी आहेत. दुर्बिणीतून येणारा जवळजवळ प्रत्येक फोटो फिट्स या स्वरूपात असतो. १९८१ साली हे स्वरूप प्रसिद्ध झालं, ते मॅग्नेटिक टेपवरून डेटा एका वेधशाळेतून दुसरीकडे न्यायला. म्हणून त्याची घडण अजून टेपसारखी आहे. वर माहितीच्या ओळी, प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, जुन्या पंचकार्डाच्या मापाची. अशा ३६ ओळींचा एक ठोकळा, म्हणजे २८८० बाइट. ओळी कमी भरल्या तर उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरायची, पण ठोकळा पुरा करायचाच. एखादी फिट्स फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघाच. वरचा भाग चक्क वाचता येतो. कुठल्या दुर्बिणीने, कधी, किती सेकंदांचा फोटो घेतला, सगळं.

हे वाचणारी मुळातली सी-लायब्ररी म्हणजे नासाच्या गोडार्ड केंद्रातून येणारी सीफिट्सआयओ. फोटोतला कुठला ठिपका आकाशात कुठे आहे हे गणित करणारी डब्ल्यूसीएसलिब, ती ऑस्ट्रेलियातून आली. काळ, पृथ्वीचं डोलणं, ताऱ्यांची स्थानं यांची सूत्रं इर्फात. बाकीचं बहुतेक सगळं या तिघींच्या खांद्यावर उभं आहे.

म्हणून नवी लायब्ररी घ्यायची झाली तर पहिला प्रश्न असा विचारते, की ही कोणावर उभी आहे आणि हिच्यावर कोण उभं राहणार आहे? तिच्या डिपेंडन्सी, म्हणजे तिला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ऱ्या, कागदावर लिहा आणि डेबियनमध्ये नसतील त्यांच्यावर खूण करा. एखाद-दोन खुणा असल्या तर ठीक. तीनच्या पुढे गेल्या, की एका पाहुण्याला जेवायला बोलावलं आणि अख्खी वरात आली अशी गत होते. एका सुंदर पायथन पॅकेजच्या मागे मी अशीच गेले होते. त्याला अकरा गोष्टी लागत होत्या, त्यातल्या सात कुठेच नव्हत्या, आणि त्या सातांतल्या चार एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात लिहिलेल्या. तिथून हात जोडून परत आले.

लायसन्सची भानगड

हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त पॅकेजं इथेच पडतात. खगोलाचं जुनं सॉफ्टवेअर लिहिणारे शास्त्रज्ञ होते, वकील नव्हेत. 'विद्यार्थ्यांनी खुशाल वापरावं, फक्त धंदा करू नये', असं प्रेमाने लिहून ठेवलेलं असतं. पण 'धंदा करू नये' ही अटच डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांत बसत नाही.

सोफाचं उदाहरण प्रत्येकाने पाठ करावं. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या छत्राखाली बनलेला हा सूत्रांचा प्रमाण संच. वापरा, बदला, सगळी मुभा. पण बदललेल्या फंक्शनच्या नावाच्या सुरुवातीला संघटनेची किंवा सोफाची अक्षरं राहता कामा नयेत, अशी अट. हेतू चांगलाच आहे, कोणी सूत्रात गडबड करून ती प्रमाण म्हणून खपवू नये. तरी मुक्त लायसन्सच्या व्याख्येत ही अट अडते. यावर उपाय म्हणून सोफावाल्यांच्या परवानगीनेच इर्फा निघाली. तीच सूत्रं, नावांची सुरुवात वेगळी, आणि साधं तीन कलमी बीएसडी लायसन्स. आलेख काढणाऱ्या पीजीप्लॉटचीही तीच कथा. ते डेबियनच्या मुक्त नसलेल्या विभागात आहे, आणि त्याच्या जागी जसंच्या तसं बसणारं गिझा मुख्य विभागात. म्हणून एखाद्या लायब्ररीला सोफा किंवा पीजीप्लॉट लागत असेल तर लगेच पाठ फिरवू नका. इर्फा किंवा गिझा लावून ती बांधता येते का बघा. बऱ्याचदा येते.

आता माझी फजिती. रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांचा आवर्तकाल काढणारी एक छोटी सी-लायब्ररी मला फार आवडली होती. नाव सांगत नाही. मुख्य लायसन्स फाइल स्वच्छ, जीपीएल हे मुक्त लायसन्स. पॅकेज बनवलं, तपासायला पाठवलं, आणि उत्तर आलं : 'इंडेक्सएक्स' आणि 'गॉसजे' ही फंक्शनं कुठली? ती होती 'न्यूमरिकल रेसिपीज' या गाजलेल्या पुस्तकातून उतरवलेली. त्या पुस्तकातला कोड सोर्सच्या रूपात वाटायची परवानगी नाही. मूळ लेखकाने वीस वर्षांपूर्वी पुस्तक समोर ठेवून तो टाइप केला असणार, आणि वर आपलं लायसन्स लावलं. मी फक्त पहिली फाइल वाचली होती. तेव्हापासून सोर्स हातात आला की मी आधी 'एनआरयूटिल' हे त्या पुस्तकातल्या मदतनीस फाइलचं नाव शोधते, आणि सी-कोडमधले ॲरे शून्याऐवजी एकपासून मोजलेले दिसतात का बघते. सी लिहिणारा माणूस आपणहून एकपासून मोजत नाही. ते त्या पुस्तकाचं वळण. हे फक्त छोट्या लायब्ऱ्यांचंच दुखणं नाही, आयराफसारख्या जुन्या आणि मोठ्या प्रणालीतूनही हा कोड शोधून शोधून काढावा लागला.

आणि पंचांगवाल्यांसाठी एक गोष्ट. सिंहस्थ जवळ आला, की नाशकात मला सगळे एकच विचारतात, "गुरू सिंहेत नक्की कधी?" त्यासाठी निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेली, रास लागते, त्यासाठी अयनांश वजा करायचे, आजघडीला सुमारे २४ अंश. हे तयार देणारी स्विस एफेमेरिस आहे, पण तिचं लायसन्स एजीपीएल किंवा मग विकतचं. एजीपीएल डेबियनला चालतं. प्रश्न वापरणाऱ्याचा आहे. तुमच्या पॅकेजवर कोणी वेबसाइट उभारली, तर त्याला आपला सोर्सही उघडा करावा लागेल. हे पॅकेजच्या वर्णनात ठळक लिहायला हवं. मी ते पॅकेज घेतलं नाही. गुरूचं स्थान दुसऱ्या लायब्ररीतून काढून अयनांश वजा करायला बारा ओळी पुरल्या.

वाय-फाय बंद करून बघा

डेबियनचा नियम आहे, की पॅकेज बांधलं जात असताना त्याने नेटवर जायचं नाही. पहिल्यांदा वाचला तेव्हा हा नियम जाचक वाटला होता. नंतर लक्षात आलं, हा तर हरसूलचाच नियम. म्हणून निवड करताना मी लॅपटॉपचं वाय-फाय बंद करते, लायब्ररी लावते, आणि तिच्याच माहितीपुस्तिकेतलं पहिलं उदाहरण चालवते. खगोलाच्या निम्म्या लायब्ऱ्या इथे गळतात.

कारण असं, की खगोलाला डेटा लागतो आणि तो शिळा होतो. पृथ्वी घड्याळासारखी फिरत नाही. तिच्या फिरण्यातला चढउतार मोजून त्याचे तक्ते वेळोवेळी प्रसिद्ध होतात. ॲस्ट्रोपाय हे तक्ते आपणहून नेटवरून ओढायला बघतं, आणि हातातले अंदाज ३० दिवसांहून जुने झाले की कुरकुर करतं. अलीकडे हे तक्ते वेगळ्या छोट्या पॅकेजात काढले आहेत, त्यामुळे डेबियनसारख्या डिस्ट्रोवाल्यांचं काम सोपं झालं. घड्याळ पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला मिळवतात त्या लीप सेकंदाचंही तेच. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या ३१ डिसेंबरला आला, तेव्हापासून अणुघड्याळ आणि नागरी वेळ यांत ३७ सेकंदांचं अंतर आहे. इर्फात हा तक्ता कोडमध्येच लिहिलेला असतो. तिच्या आवृत्तीच्या वर्षापुढे पाच वर्षांहून लांबची तारीख दिली, की ती 'वर्ष संशयास्पद' असा इशारा देते. माझ्या एका विद्यार्थ्याने २०४० चं ग्रहण काढताना हा इशारा पाहिला आणि मला विचारलं, "मॅडम, ग्रहण होणार नाही का मग?" ग्रहण होणार. तोवरचे लीप सेकंद कोणालाच माहीत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

ग्रहांच्या स्थानांची फाइल हा दुसरा डेटा. स्कायफील्ड ही पायथन लायब्ररी मला मनापासून आवडते, एमआयटी लायसन्स, शुद्ध पायथन, आकडेमोडीचं नम्पाय सोडलं तर किरकोळ डिपेंडन्सी. पण ग्रह बघायचे तर तिला नासाच्या जेपीएल केंद्राची फाइल द्यावी लागते. डीई४२१ साधारण १७ एमबीची आणि १९०० ते २०५० पुरते, शाळेच्या कामाला भरपूर. डीई४४० शंभर एमबीच्या वर, ती इ.स. १५५० पासून २६५० पर्यंत जाते. पॅकेजसोबत डेटा द्यायचा की वेगळ्या पॅकेजात ठेवायचा, हे आधी ठरवा. मी वेगळ्याच्या बाजूची. कोड दर दोन महिन्यांनी बदलतो, गुरू-शनी बदलत नाहीत.

फोटोवरून आकाश ओळखणाऱ्या ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटच्या इंडेक्स फायली तर याहून अवजड. साध्या कॅमेऱ्याच्या रुंद फोटोंना लागणाऱ्या काही शे एमबीत भागतात, दुर्बिणीच्या अरुंद फोटोंचे संच दहा जीबीच्या पुढे जातात. इथे वापरणाऱ्याकडे नेमकं काय आहे हे माहीत पाहिजे. आमच्याकडे एक जुना डीएसएलआर आहे, म्हणून पेनड्राइव्हवर फक्त रुंद फोटोंचा संच. आणि ॲस्ट्रोक्वेरीसारख्या लायब्ऱ्या, ज्यांचं कामच मुळी नेटवरून दूरच्या कॅटलॉगांना विचारणं, त्या चांगल्या असूनही माझ्या यादीत नाहीत.

संकष्टीची चाचणी

ही माझी स्वतःची, आणि मला वाटतं सगळ्यात कामाची. लायब्ररी स्वतःच्या टेस्ट पास करते, ठीकच आहे. पण तुमच्या गावच्या, तुम्हाला उत्तर माहीत असलेल्या प्रश्नाला ती काय म्हणते?

आमच्याकडे आप्पा, म्हणजे माझे सासरे, संकष्टी सोडत नाहीत. चतुर्थीला संध्याकाळी हॉलमधून हाक येते, "सूनबाई, तुझं यंत्र चंद्रोदय किती वाजता म्हणतंय?" कॅलेंडर भिंतीवर असतंच, पण त्यांना ताडून बघायला आवडतं. एकदा मी तपासत असलेल्या लायब्ररीने कॅलेंडरापेक्षा चार मिनिटं आधीची वेळ दिली. आप्पा म्हणाले, "चार मिनिटं आधी मोदक खाल्ला तर गणपती काही म्हणायचा नाही, पण तुझं गणित चुकतंय." बरोबर होतं त्यांचं. चंद्र इतका जवळ आहे, की पृथ्वीच्या केंद्रातून आणि नाशिकच्या गच्चीवरून तो एकाच जागी दिसत नाही. क्षितिजावर हा फरक जवळजवळ एक अंशाचा असतो, आणि तेवढं चढायला चंद्राला चारेक मिनिटं लागतात. ती लायब्ररी पृथ्वीच्या केंद्रात उभी राहून चंद्रोदय काढत होती. सूर्याला, ग्रहांना हे कळलंच नसतं, ते लांब आहेत. एखाद-दुसऱ्या मिनिटाचा फरक आला तर मात्र लगेच बग टाकू नका. चंद्रबिंबाची वरची कड धरली की मध्य, वातावरणातलं वक्रीभवन धरलं की नाही, यात तेवढा फरक पडतोच. माहितीपुस्तिकेत व्याख्या लिहिली आहे का बघा. लिहिलीच नसेल, तर ते वाईट लक्षण.

सूर्याची चाचणीही अशीच घरगुती. नाशिक २० उत्तर अक्षांशावर, म्हणजे मे महिन्यात २० तारखेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली. आपलं रेखांश ७३.७९, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, म्हणून आपली दुपार ३५ मिनिटं उशिरा. मे महिन्यात सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे असतो, त्याची साडेतीन मिनिटं वजा जातात. मध्यान्ह येते १२ वाजून ३१ मिनिटांच्या जवळपास. कॉलेजच्या गच्चीवर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवून आम्ही हे पाहिलेलं आहे. लायब्ररीने १२ म्हटलं की ती प्रमाणवेळेत घोळ घालते आहे, ७ वाजून १ मिनिट म्हटलं तर सकाळ नव्हे, साडेपाच तास मिळवायचे राहिले आहेत, एवढंच. पुष्कळ टेस्ट ग्रिनिचच्या जवळपास राहणाऱ्या लोकांनी लिहिलेल्या असतात, तिथे वेळेचा घोळ झाकला जातो. आपल्याकडे तो साडेपाच तासांचा होऊन समोर येतो.

याच चाचणीत मी स्वतःही एकदा आपटले. पायएफेम ही जुनी, बाहेरच्या डेटाशिवाय चालणारी, माझ्या कामाला अगदी योग्य लायब्ररी. चंद्रोदय भलत्याच वेळी यायला लागला. दोन रात्री मी लायब्ररीला शिव्या दिल्या. मग कळलं : अक्षांश अवतरणचिन्हांत दिला तर ती अंश समजते, नुसता आकडा दिला तर रेडियन. मी नुसता २० लिहिला होता. २० रेडियन म्हणजे गोल गोल फिरून ६६ अंश, आणि ७३.७९ रेडियन म्हणजे पश्चिमेला ९२. मी रामकुंड उचलून कॅनडात हडसनच्या उपसागराच्या वर नेऊन ठेवलं होतं. लायब्ररीत चूक नव्हती. पण पॅकेज करताना अशी जागा दिसली, तर उदाहरण म्हणून एक चालणारी छोटी फाइल सोबत द्यावी.

पोटातल्या प्रती

सोर्स उघडला, की 'एक्सटर्नल', 'थर्डपार्टी', 'सीएक्सटर्न' अशा नावांची फोल्डरं शोधा. खगोलातले लेखक सोयीसाठी दुसऱ्यांच्या लायब्ऱ्या आपल्या पोटात घेऊन फिरतात. ॲस्ट्रोपायमध्येही डब्ल्यूसीएसलिबची प्रत येते, पण सिस्टिमवरची वापर असं सांगायची सोय त्यांनी मुद्दाम ठेवलेली आहे. ती सोय आहे की नाही हे बघून मी अर्धा निर्णय घेते. सोय नसेल, आणि आतल्या प्रतीत लेखकाने स्वतःचे बदलही केले असतील, तर दर आवृत्तीला ते सोडवणं तुमच्या नशिबी आलं.

दोन प्रती एकत्र नांदल्या की काय होतं हे मी सीफिट्सआयओवर पाहिलं. एक प्रत मी हाताने बांधून ठेवली होती, दुसरी डेबियनची. हेडर, म्हणजे फंक्शनांची यादी असलेली फाइल, एकीची, लायब्ररी दुसरीची. ती फाइल उघडायलाच तयार होईना, 'बांधताना वापरलेला आकडा आणि आता असलेला आकडा जुळत नाही' असं स्पष्ट सांगत राहिली. मी तिचे आभार मानते. दुसरी एखादी गप्प बसून चुकीचे आकडे देत राहिली असती. सी-लायब्ररी घेताना तिचा हा आवृत्तीचा आकडा किती वेळा बदलला याचा इतिहास चाळा. तो वारंवार बदलत असेल तर तिच्यावर उभं असलेलं सगळं दर वेळी पुन्हा बांधावं लागेल, आणि ती पॅकेजं सांभाळणाऱ्या सगळ्या मेंटेनरांना पत्रं तुम्ही लिहिणार.

वेगवेगळ्या मशीनांचं थोडक्यात सांगते. फिट्समधले आकडे मोठ्या टोकाकडून, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी, असे लिहिलेले असतात, आपले इंटेल आणि मोबाइलचे प्रोसेसर उलटे वाचतात. चांगली लायब्ररी हे आपोआप उलटवते. डेबियनच्या यादीत आयबीएमच्या मेनफ्रेमसाठीचं एस३९०एक्स आहे, ते फिट्ससारखंच मोठ्या टोकाकडून वाचतं, आणि 'सगळे उलटेच असतात' असं धरून चाललेला कोड तिथे पडतो. जुन्या ३२-बिट इंटेलवर दशांशाच्या शेवटच्या घरांत फरक येऊन टेस्ट पडतात. तिथे लायब्ररी वाईट असं समजू नका, टेस्टमधली सूट फार कडक आहे का बघा.

लायब्ररी जिवंत आहे का, हे मी शेवटच्या बदलाच्या तारखेवरून ठरवत नाही. ग्रहगतीचं सूत्र नासत नाही. तीन वर्षं हात न लावलेली लायब्ररी पूर्ण झालेलीही असू शकते. मी एक लहानसा, खरा बग शोधते, टेस्टमधला असला तरी चालेल, आणि दुरुस्तीसह पाठवते. महिन्याभरात माणसासारखं उत्तर आलं तर पुढे जाते. एकाने कळवलं होतं, 'माझं आता यात लक्ष नाही, पण तुम्ही हवं ते करा.' हेसुद्धा चांगलं उत्तर. उत्तरच नाही, आणि वापरणारेही नाहीत, तर तिथे गुंतू नये.

दोन गोष्टी मी सरळ सोडून दिल्या. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर, कारण इंडीचा गाभा मुक्त असला तरी बऱ्याच कॅमेऱ्यांसाठी कंपन्यांच्या बंद लायब्ऱ्या लागतात आणि त्या मुख्य विभागात जात नाहीत. आणि रेडिओ खगोलातलं मोठं काम. नारायणगावजवळ खोडदला २८ फेब्रुवारीला जीएमआरटी बघायला गेलात, ४५ मीटरच्या त्या तीस तबकड्या पाहिल्यात, की घरी येऊन कॅसाकोअरला हात घालावासा वाटतो. मलाही वाटला. माझ्या लॅपटॉपवर एकदा बांधून बघितलं, पंखा रात्रभर ओरडत होता. ते काम करणारी सक्षम माणसं आहेत, माझी तिथे गरज नाही.

ठरलं, की आधी 'मी हे करणार आहे' अशी नोंद टाका आणि टीमच्या पत्रयादीवर दोन ओळी लिहा : कोणाला लागतं, कोणावर उभं आहे, लायसन्स काय, डेटा कुठून. अपलोड करून देणारा अनुभवी मेंटेनर त्यातूनच भेटतो. नवं पॅकेज तपासणीच्या रांगेत किती दिवस बसेल याला नेम नाही, तोवर तुमचं पॅकेज स्वतःच्या पेनड्राइव्हवरच्या भांडारातून वापरायला कोणाची ना नाही. फक्त पेनड्राइव्ह फॅट३२ ठेवू नका, चार जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. मी हे फाइल कॉपी करताना शिकले, निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता.

यंदाच्या पेनड्राइव्हवर ॲस्ट्रोपाय, स्कायफील्ड, पायएफेम, स्टेलेरियम, डीई४२१ आणि रुंद फोटोंचा संच आहे. रविवारी आप्पांचा जुना कॉम्प्युटर कोरा करून, घरातला राउटर बंद ठेवून, त्यावरूनच सगळं टाकून बघणार आहे. राउटर बंद म्हणजे दुपारची मॅच बंद, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.